‘टु डू’ की ‘डूइंग’? क्रियापदामागून काय येतं?

प्रश्न : ‘रिमेंबर टु लॉक द डोअर’ आणि ‘रिमेंबर लॉकिंग द डोअर’ यांत फरक काय? शब्दकोशात पाहिलं तर दोन्हींना ‘कुलूप लावणे आठवणे’ हाच अर्थ लागतो.

फरक मोठा आहे, आणि बोलताना आपण तो रोज पाळतो. ‘कुलूप लावायचं लक्षात ठेव’ म्हणजे काम अजून व्हायचंय, इथे ‘टु’. ‘कुलूप लावल्याचं आठवतंय’ म्हणजे काम होऊन गेलंय, इथे ‘लॉकिंग’. ‘लावणे’ या कोशातल्या रूपात हा काळाचा भेद बुजतो, म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की भाषांतर करताना ‘-णे’ बाजूला ठेवा आणि आपण घरात जसं बोलू तसं वाक्य आधी मनात म्हणा.

‘फर्गेट’चंही तेच. ‘आय फर्गॉट टु पे द बिल’ : बिल भरायला विसरलो, ते थकलंच. ‘फर्गेट’मागून ‘-इंग’ येतं ते बहुधा नकारात : ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग रायगड’, रायगड पाहिल्याचं कधी विसरणार नाही. नोकरी नाकारणाऱ्या पत्रातलं ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ही इथलंच. कळवायचंय ते पुढे येतंय, म्हणून ‘टु’. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’मध्ये मात्र सांगून झालंय आणि आता पस्तावा होतोय. ‘स्टॉप’ तर अर्थच उलटवतो : ‘ही स्टॉप्ड टु स्मोक’ म्हणजे सिगारेट ओढायला थांबला, ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे ओढायची सोडली.

पण ही किल्ली सगळ्या कुलपांना चालवू नका. ‘अव्हॉइड’, ‘पोस्टपोन’, ‘कन्सिडर’ यांतली कामं व्हायचीच असतात, तरी त्यांना ‘-इंग’च लागतं. आणि आपलं ‘-यला’ इथे हमखास दगा देतं. ‘मला चालायला आवडतं’ म्हणून ‘एन्जॉय टु वॉक’ लिहिलं जातं. हवं ‘एन्जॉय वॉकिंग’. ‘डॉक्टरकडे जायला सुचवलं’चं ‘सजेस्टेड मी टु गो’ होतं. हवं ‘सजेस्टेड गोइंग’ किंवा ‘सजेस्टेड दॅट आय गो’. ‘थांबायला लावलं’चं ‘मेड मी वेट’, मध्ये ‘टु’ नाही. कर्मणी केलंत की तो ‘टु’ परत येतो : ‘आय वॉज मेड टु वेट’. असली क्रियापदं त्यांच्या जोडीदारासकटच पाठ करावीत, दुसरा उपाय नाही.

उपप्रश्न : मग ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’मध्ये ‘टु’ आणि ‘-इंग’ दोन्ही कसे?

कारण तो ‘टु’ क्रियापदाचा नाही, शब्दयोगी अव्यय आहे. पारख सोपी : त्याच्यापुढे नुसतं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु द हॉलिडेज’ चालतं, ‘वॉन्ट टु द हॉलिडेज’ चालत नाही. जिथे नाम बसतं तिथे क्रियापदाला ‘-इंग’ लावूनच बसवायचं. अर्जाच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ सर्रास दिसतं; तिथे ‘हिअरिंग’ हवं.

‘यूज्ड टु’ला हीच पारख लावा. ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली’ : लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूज्ड टु गेट अप अर्ली’ : लवकर उठायचो, आता नाही.