घरबसल्या लंडनचे सॉलिसिटर व्हा म्हणे!

काळाघोडा: काल एका शहाण्याने लिहिलंय, मुंबईत तीन वर्षं आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी) करून इथल्या लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा देणं म्हणजे वेडेपणा, त्यापेक्षा घरबसल्या एसक्यूई (तिकडची सॉलिसिटरची परीक्षा) द्या नि इंग्लंडचे सॉलिसिटर व्हा. घरबसल्या? पापड लाटायचेत का? एसक्यूई १ चे ३६० एमसीक्यू इथल्या सेंटरवर होतीलही, पण एसक्यूई २ च्या तोंडीसाठी विमानाने तिकडेच जावं लागतं. २०२१ ला दोन्हीची फी मिळून ३,९८० पौंड होती, २०२५ ला ४,९०० च्या घरात गेली, म्हणजे पाच लाखांच्या वर, क्लास वेगळा, व्हिसा वेगळा. मी फोर्टात आर्टिकल्स केल्या. ओरिजिनल साइडचं (थेट हायकोर्टात दाखल होणाऱ्या दाव्यांचं) फायलिंग, रजिस्ट्रीची ऑब्जेक्शनं काढणं, कोर्टात उभ्या राहणाऱ्या कौन्सेलला ब्रीफ करणं, सगळं हाताने शिकलो. पर्यायांवर टिक मारून येतं का हे?

ठाणेकर_वकील: काका, १९७६ च्या दुरुस्तीने ड्युअल सिस्टिम (कागद सॉलिसिटरचे, कोर्टात उभा कौन्सेल) गेली ना? साधा सनदवाला वकील पण ओरिजिनल साइडला उभा राहतो. मग सॉलिसिटर म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरची एक ओळ.

काळाघोडा: त्या एका ओळीवर फोर्टात पार्टनरशिप मिळते. हायकोर्टाची पायरी चढा, मग बोला.

ठाणेकर_वकील: रोज चढतो. तुम्हीच दिसला नाहीत बरेच दिवसात.

कल्याण_स्लो: पार्टनरशिप राहू द्या, स्टायपेंडवर बोला. २०१४ ला मला महिना तीन हजार, त्यात पास, जेवण आणि काळा कोट. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत कंपायलेशनला (कोर्टात द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्याला) पानांचे नंबर टाकलेत, वर सरांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका पण मीच वाटल्या, तेही पेडर रोडपासून मुलुंडपर्यंत. हे "हाताने शिकणं"?

काळाघोडा: आम्हाला तेवढेही नव्हते. कुरकुर नाही केली.

कल्याण_स्लो: तुमचं घर गिरगावात होतं! बापाच्या जिवावर आर्टिकल्स करणाऱ्यांनी आम्हाला सहनशक्ती शिकवू नये.

काळाघोडा: बापापर्यंत जायचं काम नाही.

लीड्सची_सून: भांडू नका हो. मी सनद न घेताच इकडे आले, पॅरालीगलची (वकिलाच्या मदतनिसाची) दोन वर्षं क्यूडब्ल्यूईमध्ये, म्हणजे परीक्षेसोबत लागणाऱ्या कामाच्या अनुभवात, धरली गेली. सनद असेल तर तीही लागत नाहीत. पूर्वी एलपीसीला (एसक्यूईच्या आधीच्या कोर्सला) हजारो पौंड भरून फर्ममध्ये ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे उमेदवारी, नाही मिळालं की बसा बोंबलत. अर्थात इथेही सोनं पिकत नाही, जानेवारी २०२४ च्या एसक्यूई १ ला १७५ जणांना पास असून नापास कळवलं होतं. माझ्या मते सगळ्यात शहाणा नवऱ्याचा भाचा, शाळा संपल्यावर सॉलिसिटरची अप्रेंटिसशिप धरली, सहा वर्षं लागतात पण पगार पहिल्या दिवसापासून.

कल्याण_स्लो: पगार! वाचलंत का काका? आणि आपल्या बार कौन्सिलने २०२४ ला शहरातल्या ज्युनियरला २०,००० द्या म्हणून सर्क्युलर काढलं, तेही जमलं तर बघा छापाचं.

ठाणेकर_वकील: सनदवाल्यांसाठी आहे ते. आर्टिकल्सवाले अजून पत्रिकाच वाटतायत.

काळाघोडा: बरं बाबा, स्टायपेंडचं तुमचं खरं. आमच्याकडे पुढच्या महिन्यापासून वाढवतो, झालं समाधान?

कल्याण_स्लो: आकडा लिहा.

काळाघोडा: पार्टनरशी बोलून सांगतो.

कल्याण_स्लो: वाटलंच.