दाराचा डिस्क्रिपन्सी फॉल्ट (स्विचची दोन सर्किटं, म्हणजे चॅनेल, ठरलेल्या वेळेत एकत्र बदलली नाहीत ही तक्रार) वारंवार येतो. सेफ्टी कंट्रोलरमध्ये वेळ वाढवली तर चालेल का?

इंडेक्स_टेबल (प्रश्न)
असेंब्ली मशीनवर प्रोग्रामेबल सेफ्टी कंट्रोलर (दार, बटण वगैरेंवर लक्ष ठेवून मशीन थांबवणारा) आहे. ३ इमर्जन्सी बटणं, बिजागरीची २ दारं, ३० मिमी रिझोल्यूशनचा (एवढ्या जाडीची वस्तू ओळखणारा) लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, आणि आउटपुटला २ कॉन्टॅक्टर (मोटरची पॉवर जोडणारे-तोडणारे स्विच). दारांच्या स्विचमध्ये प्रत्येकी २ एनसी कॉन्टॅक्ट (दार लावलेलं असताना जोडलेले) आहेत. दोन्ही दारं सिरीजमध्ये करून एकाच इनपुट जोडीवर घेतली आहेत. दार सावकाश लावलं की डिस्क्रिपन्सी फॉल्ट येतो. सध्या वेळ ५०० मिलिसेकंद आहे. ती ३ सेकंद केली तर मशीन थांबायला उशीर होईल का?

दुसरं, कर्टन धोक्याच्या जागेपासून ४०० मिमीवर बसवलाय. प्रतिसादाचे आकडे असे: कर्टन १४ मिलिसेकंद, कंट्रोलर ३०, कॉन्टॅक्टर ५० (कॉइलवर व्होल्टेजचा झटका शोषणारा डायोड आहे), आणि कॉन्टॅक्टर सुटल्यापासून टेबल थांबेपर्यंत मोजलेले १८०. अंतर पुरेसं आहे का? रिस्क असेसमेंटमध्ये पीएल डी (सुरक्षेच्या ए ते ई पातळ्यांमधली वरून दुसरी) लागतो.

चॅनेल_बी
वेळ वाढवल्याने थांबणं लांबत नाही. दोनपैकी कुठलाही एक चॅनेल उघडला की आउटपुट लगेच पडतो. दुसऱ्या चॅनेलची वाट कंट्रोलर फक्त फॉल्ट ठरवण्यासाठी पाहतो. त्यामुळे हळू लागणाऱ्या दाराला २-३ सेकंद ठेवायला हरकत नाही. इमर्जन्सी बटणांची वेळ मात्र आहे तीच राहू द्या.

वाढवण्याआधी डायग्नोस्टिकमध्ये मागे राहणारा चॅनेल कोणता ते बघा. दार झटकन लावूनही दर वेळी तोच चॅनेल मागे पडत असेल, तर कॉन्टॅक्ट झिजलाय किंवा टर्मिनल सैल आहे. तिथे वेळ वाढवणं म्हणजे दोष झाकणं.

मला खरी काळजी सिरीजची वाटते. समजा दार १ च्या स्विचचा चॅनेल ए शॉर्ट झालाय. दार १ उघडलं की फक्त बी पडतो, मशीन थांबतं, फॉल्ट येतो. तेवढ्यात कोणी दार २ उघडलं की ए-सुद्धा पडतो. दोन्ही चॅनेल उघडे दिसले, मग दोन्ही दारं लावली, रिसेट झाला, फॉल्ट पुसला गेला. शॉर्ट तसाच आहे. आता त्याच स्विचचा बी जोडलेलाच अडकला तर दार १ उघडं असतानाही मशीन चालेल. याला फॉल्ट मास्किंग म्हणतात. आयएसओचा २०१५ चा तांत्रिक अहवाल टीआर २४११९ सांगतो तसं अशा जोडणीत स्विचचं डायग्नोस्टिक कव्हरेज (दोष पकडले जाण्याचं प्रमाण) कमी धरावं लागतं, आणि मग पीएल डी टिकेलच असं नाही. दोन्ही दारांना स्वतंत्र इनपुट जोड्या द्या. प्रोग्रामेबल कंट्रोलर घेण्याचा अर्धा फायदा यातच आहे.

टेस्ट पल्सही (वायरिंगमधला शॉर्ट ओळखायला कंट्रोलर सोडतो ते क्षणिक सिग्नल) तपासा. ए आणि बी दोन्हींना एकाच पल्स आउटपुटवरून पुरवठा असेल, तर त्यांच्यातला आपसातला शॉर्ट कंट्रोलरला दिसत नाही.

मिमी_मोजा
अंतर अपुरं आहे. कर्टन धोक्यापासून किती दूर हवा ते सांगणाऱ्या आयएसओ १३८५५ च्या २०१० आवृत्तीचं सूत्र: अंतर = के × टी + सी. के म्हणजे हात पुढे येण्याचा वेग (मिमी प्रति सेकंद), टी म्हणजे थांबायला लागणारा एकूण वेळ, सी म्हणजे रिझोल्यूशनमुळे धरायचं जादा अंतर.

टी = १४ + ३० + ५० + १८० = २७४ मिलिसेकंद.
सी = ८ × (३० − १४) = १२८ मिमी.
के = २००० धरून: ५४८ + १२८ = ६७६ मिमी. हे ५०० च्या वर गेलं, म्हणून के = १६०० घेता येतो: ४३८.४ + १२८ = ५६६.४. म्हणजे किमान ५६७ मिमी हवेत.

१४ मिमीचा कर्टन लावला तर सी शून्य होतो, पण १६०० ने येणारं उत्तर ५०० पेक्षा कमी असल्याने ५०० मिमीच धरावे लागतात. ४०० मिमीवर राहायचं असेल तर १४ मिमीचा कर्टन आणि एकूण टी २०० मिलिसेकंद, दोन्ही लागतील. ब्रेक जुना झाला की १८० चा आकडा वाढतो, म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने पुन्हा मोजा.

इंडेक्स_टेबल
कर्टन मागे सरकवतो. डायोड काढला तर कॉन्टॅक्टर लवकर सुटेल ना? आउटपुटला धोका?

मिमी_मोजा
नुसता काढू नका, व्होल्टेजचा उसळता झटका आउटपुटवर येईल. व्हॅरिस्टर किंवा टीव्हीएस सप्रेसर लावा. त्याने कॉन्टॅक्टर साध्या डायोडपेक्षा लवकर सुटतो. कॉन्टॅक्टर आणि कंट्रोलर, दोन्हींच्या कॅटलॉगमध्ये कोणता सप्रेसर चालतो ते पाहून घ्या, आणि बदलानंतर वेळ प्रत्यक्ष मोजूनच सूत्रात टाका.

चॅनेल_बी
हात घालताय तर कर्टनची वायरिंगही बघा. त्याला सरळ २४ व्होल्ट द्या, कंट्रोलरच्या पल्स आउटपुटवरून नको. ओएसएसडी आउटपुट (कर्टनचे सेफ्टी आउटपुट) आपली चाचणी स्वतः करतात, म्हणून त्या इनपुटची पल्स चाचणी बंद ठेवा. कर्टन आणि कंट्रोलर, दोघांचा ० व्होल्ट एकच हवा.

दोन्ही कॉन्टॅक्टरचे एनसी मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य कॉन्टॅक्ट जोडलेला असताना कधीच न जोडणारे) सिरीजमध्ये फीडबॅक इनपुटला आणा, म्हणजे कॉन्टॅक्टर खरंच सुटले का ते कंट्रोलरला कळतं. साधा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट चालत नाही: मुख्य कॉन्टॅक्ट चिकटलेला असतानाही तो जोडला जाऊ शकतो.

बदलानंतर प्रत्येक दारावर आणि बटणावर मुद्दाम दोष घाला: एक चॅनेल सोडवा, दोन चॅनेल आपसात जोडा, एक चॅनेल २४ व्होल्टला जोडा. फीडबॅकची वायर काढून रिसेट दाबा, मशीन सुरू होता कामा नये. हे करताना मोटरची पॉवर बंद असू द्या. सगळं बरोबर निघालं की कॉन्फिगरेशनचा चेकसम (सेटिंग बदललं की बदलणारा आकडा) लिहून ठेवा आणि पासवर्ड लावा. पुढे चेकसम बदललेला दिसला तर ही चाचणी परत करायची.