हळद-बेदाण्याची वेबसाइट: लिंक पाठवण्याआधी काय नीट करू?

हळदगंध_सांगली
सांगलीतून हळद पावडर आणि बेदाणा विकतो. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं, मोबाइलवर बघणारं. वेबसाइट तयार आहे, पुढच्या आठवड्यात लिंक सगळ्या ग्रुपवर जाईल. सध्या वर पाच फोटोंचा फिरता स्लायडर, मग 'आमच्याविषयी', मग माल. उघडायला फार वेळ लागतो. मजकूर जुन्या छापील पत्रकाच्या फाइलमधून घेतलाय, मध्येच विचित्र अक्षरं दिसतात. आधी कशाला हात घालू?

कृष्णाकाठ
स्लायडर आजच काढा. दुसरा फोटो येईपर्यंत कुणी थांबत नाही आणि पाचही फोटोंचं वजन मात्र सगळ्यांच्या डेटावर पडतं. त्या जागी एकच फोटो ठेवा, तोही गोदामाचा किंवा देवाचा नको, मालाचा. वाटीतली पावडर आणि शेजारी मोडलेलं हळकुंड, खिडकीच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली काढलात तर हळदीचा रंग खोटा वाटतो आणि भेसळीची शंका येते.

मोबाइलवर बोट न फिरवता तीन गोष्टी दिसायला हव्यात: काय विकता, कुठलं, आणि मागवायचं कसं. 'गुणवत्तेची परंपरा' असलं वाक्य कुठल्याही दुकानाला चालतं, म्हणून तुमच्या कामाचं नाही. साधं लिहा: 'राजापुरी हळद, सांगलीत दळलेली. अर्धा किलो, एक किलो.' खाली किंमत आणि व्हॉट्सॲपचं बटण. किंमत लपवली की माणूस परत जातो, विचारत बसत नाही.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन (ठरावीक भागाच्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालंय, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तरच ते चिन्ह लावा. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी नंबर मात्र पानाच्या तळाशी हवाच.

मिरजेचा_टंकलेखक
विचित्र अक्षरांचं कारण सांगतो. पत्रक श्रीलिपीच्या जुन्या फाँटात केलेलं असेल तर तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरं, नाही. तुमच्या संगणकावर तो फाँट आहे म्हणून तिथे मराठी दिसतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. गूगलच्या शोधातही तो सापडत नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, पण नंतर ओळन् ओळ वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते. मजकूर दोन-तीन पानांचाच असेल तर सरळ नव्याने टाइप करा, लवकर होईल.

फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोनच जाडीचे. अक्षर १७-१८ पिक्सेल, ओळीची उंची १.६ च्या खाली नको, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. आणि मथळ्याला 'लेटर स्पेसिंग' दिलं असेल तर शून्य करा. इंग्रजीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो.

हळदगंध_सांगली
लेटर स्पेसिंग खरंच दिलं होतं, काढलं. फोटो मोबाइलवरून थेट चढवलेत, एकेक ४-५ एमबीचा. किती करू?

कृष्णाकाठ
मग वेळ तिथेच जातोय. रुंदी १२०० पिक्सेल, प्रकार वेबपी (फोटोची हलकी फाइल), दर्जा ७५ च्या आसपास. १५० केबीच्या आत बसतो. ब्राउझरमध्ये 'स्क्वूश' उघडून फुकट होतं. खालच्या फोटोंना 'लेझी लोडिंग' (तिथवर पोचल्यावरच फोटो उतरणं) द्या, सगळ्यात वरच्याला देऊ नका, तो उलट उशिरा येतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा. नाहीतर फोटो आला की मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

नंतर गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये (वेग मोजायचं साधन) 'मोबाइल' निवडून तपासा. पानाचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा.

औदुंबर_वेब
एक राहिलं. तुमचं गिऱ्हाईक वेबसाइटच्या आधी व्हॉट्सॲपवरची लिंक बघणार. तिथे चित्र आणि नाव येण्यासाठी पानाच्या कोडमध्ये 'ओजी इमेज' (लिंकसोबतचं चित्र), 'ओजी टायटल' (नाव) भरा. चित्र १२०० बाय ६३०, ३०० केबीच्या आत. फार मोठं असेल तर कधी कधी चित्र येतच नाही. आधी स्वतःलाच पाठवून बघा. चित्र बदलूनही जुनंच दिसलं तर लिंकच्या शेवटी ?v=2 जोडून पाठवा. व्हॉट्सॲप बटणाच्या लिंकमध्ये नंबरआधी ९१ हवा, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको.

आणि पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतोय ना, तेवढं बघा. 'सुरक्षित नाही' दिसलं की पैसे कुणी पाठवत नाही.