गेटसमोरच्या रस्त्याचा हिशेब: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०२: गेटसमोर परत खोदायला घेतलंय. पेव्हर ब्लॉक बसवून वर्ष तरी झालं का?

ए-१०४ काका: फेब्रुवारीत बसवले. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा आठवडा, म्हणून पक्कं लक्षात आहे.

सी-२०१ ताई: खर्च किती आला असेल? महापालिका वेबसाइटवर टाकते ना सगळं?

डी-४०४: टाकते की. काल रात्री बसून शोधलं. स्कॅन केलेली जाडजूड पीडीएफ, सर्च चालत नाही, अर्धी पानं उलटी. आपल्या प्रभागाची ओळ सापडली: "विविध ठिकाणी स्थापत्यविषयक कामे करणे". रक्कम आहे, जागा नाही.

ए-१०४ काका: "विविध ठिकाणी" हा शब्द ज्याने काढला त्याचा सत्कार करायला हवा.

एफ-६०२: 🌹 सुप्रभात 🌹

ई-५०३ काकू: आमचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथल्या कौन्सिलला ५०० पौंडांवरचा प्रत्येक खर्च जाहीर करावा लागतो म्हणे. कोणाला दिले, कधी दिले, कशासाठी दिले. एक्सेलसारख्या फाइलमध्ये, शोधता येईल असं.

बी-३०२: काकू, आपल्याकडे असं कधी व्हायचं!

ए-१०४ काका: अरे, कायदा आहे आपल्याकडे. माहिती अधिकार, २००५, कलम ४. कोणी अर्ज करायच्या आधीच कार्यालयाने आपणहून १७ बाबी जाहीर करायच्या, त्यात अंदाजपत्रक आणि दिलेल्या रकमाही आल्या. आणि ही मागणी काही शहरातल्या शिकलेल्यांनी केली नव्हती. १९९४ मध्ये राजस्थानात कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनाने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कागद लोकांसमोर मोठ्याने वाचायचे. अशा सुनावण्यांत हजेरीपटावरचं नाव पुकारलं की समोर बसलेला माणूसच उठून म्हणायचा, मी या कामावर गेलोच नव्हतो. १९९६ ला ब्यावरला ४० दिवस धरणं झालं. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा त्यांचीच.

डी-४०४: म्हणजे कागद त्या जागेची माहिती असलेल्या माणसापुढे यायला हवा. पीडीएफ टाकून काय उपयोग?

ए-१०४ काका: तेच तर! मी बांधकाम खात्याच्या हिशेब शाखेत ३४ वर्षं काढली. नुसत्या बिलावरून काही कळत नाही. खरी गोम एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत. इंजिनिअर जागेवर लांबी, रुंदी, जाडी मोजून लिहितो, त्यावरून बिल निघतं. ती एमबी वेबसाइटवर टाका. मग मी काठी टेकत का होईना, टेप घेऊन गेटवर उभा राहतो.

सी-२०१ ताई: ती मागायची कशी?

ए-१०४ काका: अर्ज १० रुपयांचा, उत्तराला ३० दिवस. त्याआधी सोमवारी दुपारी ३ ते ५ जाऊन फाइल बघता येते. पुण्यात हा पायंडा पडला, २०१८ च्या शासन निर्णयाने राज्यभर लागू झाला.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर राजकारण नको. उद्या टाकीची सफाई आहे, १० ते १ पाणी येणार नाही.

बी-३०२: राजकारण नाही साहेब, हिशेब. निघालाच आहे विषय तर विचारतो, आपल्या वार्षिक अहवालात "रंगकाम व इतर" आहे, त्यातलं "इतर" म्हणजे काय?

डी-४०४: 😂 विविध ठिकाणी

खजिनदार: सोसायटीला आरटीआय लागू नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे, केरळच्या सहकारी बँकेचा. वाचून बोला.

सी-२०१ ताई: वाचलाय. आता तुम्ही महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा वाचा. शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि कमिटीची इतिवृत्तंसुद्धा सभासदाला फुकट बघता येतात.

खजिनदार: ताळेबंद नोटीस बोर्डवर लावला होता.

ई-५०३ काकू: त्यावर गणपतीच्या वर्गणीची यादी चिकटवलीय, भाऊ.

सेक्रेटरी: ठीक आहे. खजिनदारसाहेब, रंगकामाची बिलं इथे टाका. सुट्टी सुट्टी टाका.

ए-१०४ काका: सोमवारी महापालिकेत माझ्याबरोबर कोण येतंय? रिक्षाचे पैसे मी देईन.

डी-४०४: मी येतो काका. अडीचला गेटवर.

एफ-६०२: मीपण. सुप्रभातवाला 🙏

खजिनदार: 📷 फोटो

खजिनदार: 📷 फोटो

बी-३०२: आडवे आलेत.

ए-१०४ काका: असू दे. मान वाकडी करून वाचतोय. "इतर" मध्ये शिडीचं भाडं दोनदा का लावलंय?