मदत हवी आहे : सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर रस्त्याचे जुने नकाशे, फोटो

नमस्कार मंडळी,
या राज्यमार्गाची सविस्तर नोंद लिहितो आहे. मार्ग सरळ आहे: सुरूरला पुणे–सातारा हायवे सोडायचा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, मग कुंभरोशीवरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला मुंबई–गोवा रस्ता.

अडचण इतिहासाची आहे. आंबेनळी म्हणजे इंग्रजांचा फिट्झगेराल्ड घाट, 1876 साली खुला झालेला. त्याआधी कोकणात उतरायला पार घाट होता. पार गावचा शिवकालीन पूल आजही भक्कम उभा आहे. जुनी वाट आणि नवा रस्ता नेमके कुठे एकत्र येतात, कुठे फुटतात, हे दाखवणारा नकाशा कुणाकडे आहे का? गॅझेटियरमधलं वर्णन त्यासाठी पुरत नाही.

दुसरं, वाई–सुरूर पट्ट्यातल्या वडांच्या कमानीचे रुंदीकरणाआधीचे फोटो हवेत. ती झाडं म्हणजे त्या रस्त्याची ओळख, त्यांची नोंद राहिलीच पाहिजे.

जुलै 2021 च्या पावसात आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला. त्याआधी तिथले जुने मैलाचे दगड कुणी पाहिले असतील, तर जागा जरूर कळवा. एसटीत या मार्गावर नोकरी केलेल्या कुणाशी बोलता आलं तर फारच उत्तम.