मदत हवी आहे: सॅश वर राहतच नाही, सारखी खाली येते

रानजाई
वर नेली की थांबत नाही, सरळ खाली घसरते. काहीतरी अडकवून वेळ मारून नेतेय. शनिवारी घरी कार्यक्रम आहे, त्याआधी उपाय हवा. प्लीज लवकर सांगा.

चंदेरी
खांद्यावरून आडवा घ्यायचा पट्टा ना? साटीनची आहे का? ती हमखास घसरते. खांद्यावर आतून सेफ्टी पिन लावा आणि कमरेपाशी दोन्ही टोकं जुळतात तिथे दोन टाके घाला. नुसत्या पिनेवर विसंबू नका, कापड ओढलं जातं.

सुतारपक्षी
चंदेरी, रानजाई खिडकीच्या सॅशबद्दल, म्हणजे काच बसवलेल्या सरकत्या चौकटीबद्दल विचारतायत असं वाटतंय. रानजाई, लाकडी की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची)? वरची पडते की खालची? चौकटीत वर कप्पी दिसते का?

रानजाई
अहो, खिडकीच! लाकडी, वरखाली सरकणारी. कप्पी आहे, दोरी नवी आहे. फक्त खालचीच पडते.

झटपट
काढून टाका आणि यूपीव्हीसी बसवा. कटकट संपेल.

सुतारपक्षी
चांगलं लाकूड का फेकायचं? चौकटीच्या दोन्ही बाजू पोकळ असतात, आत लोखंडी वजनं लटकतात. ती सॅशला तोलून धरतात, म्हणून ती कुठेही थांबते. दोरी शाबूत असून पडतेय म्हणजे तोल गेलाय. काच बदलली होती का?

रानजाई
हो, फुटली म्हणून. 3 मिमीच्या जागी 6 मिमी घातली. त्याचा काय संबंध?

सुतारपक्षी
तिथेच तर सगळं आहे! दर मिमी जाडीला काचेचं वजन चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे साडेसातचे पंधरा झाले, वजनं मात्र जुनीच. सॅश काढून काचेसकट काट्यावर ठेवा. येईल त्याचं निम्मं एका बाजूला, निम्मं दुसऱ्या. खालच्या सॅशला किंचित कमी ठेवा, म्हणजे ती बंद असताना नीट बसते. सॅशला जागेवर धरणारी आतली पट्टी सोडवण्याआधी रंगाचा सांधा ब्लेडने कापा, नाहीतर पट्टी चिरते. पोकळीत जागा कमी पडली तर शिशाची वजनं घ्या, लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड असतात. हाताळताना हातमोजे घाला.

झटपट
त्यापेक्षा स्प्रिंग बॅलन्स लावा, त्यात स्प्रिंगच सॅशला तोलून धरते. वजनं, दोऱ्या हवेतच कशाला?

सुतारपक्षी
तोही सॅशच्या वजनावरूनच निवडावा लागतो. म्हणजे सॅशचं वजन करणं काही टळत नाही.

चंदेरी
खिडकीतलं मला कळत नाही, पण अंगावरची कशी घ्यायची यालाही नेम असतो हं. फ्रान्समधले महापौर तिरंगी सॅश उजव्या खांद्यावरून घेतात, निळा पट्टा मानेकडे. खासदारांचा लाल मानेकडे! ब्रिटिश पायदळात सार्जंट खांद्यावरून घेतात, अधिकारी कमरेला बांधतात.

झटपट
चंदेरी, यासाठी वेगळा धागा काढा ना.

रानजाई
तोलायला घेते. पण वजनांपर्यंत हात कुठून घालायचा? झाकणबिकण काही दिसत नाहीये.

सुतारपक्षी
रंगाखाली गेलं असणार. सॅश जिथे घासत जाते त्या उभ्या फळीवर, खालच्या भागात, टॉर्च तिरका धरा. चौकोनी झाकणाची रेघ दिसेल. उघडलंत की आतल्या वजनाचा फोटो टाका, किती वाढवायचं ते बघू. आणि तोवर त्या खिडकीखाली कुणी हात ठेवणार नाही एवढं बघा.