जुन्या जीपची बॉडी रबरं: सगळी एकदम बदला, आणि रबरंच घाला

टबवाला

सीजे-३बी, म्हणजे आपली उंच बॉनेटची महिंद्रा जीप, ज्यांच्या दारात उभी आहे त्यांच्यासाठी हा धागा. टब (जीपची पत्र्याची बॉडी) आणि चासी (खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये जी रबरं असतात ती बहुतेक गाड्यांत चपटी होऊन कडेने फुटलेली असतात, काही ठिकाणी तर नुसता गंजका बोल्ट उरलेला असतो. गॅरेजवाला काय करतो? जिथून खडखड येते तिथलं एक रबर बदलतो आणि पैसे घेतो. माझं म्हणणं, हे काम अर्धवट करण्यापेक्षा करूच नका. एका कोपऱ्यात नवं जाड रबर आणि बाकी ठिकाणी दबलेली जुनी, म्हणजे टब कायमचा पिळलेला राहणार. मग विंडशील्डच्या खालच्या पत्र्याला, म्हणजे काऊलला तडा, पुढच्या सीटखालच्या पत्र्याला तडा, आणि आपण डेंटरला दोष देत बसणार.

या गाडीची चासी शिडीसारखी. एक चाक दगडावर चढलं की ती पिळते, आणि ती पिळलीच पाहिजे. पत्र्याच्या टबाला तेवढं पिळणं झेपत नाही. मधला फरक रबर खातं. म्हणून माझं मत: सगळे माउंट, म्हणजे टबाखालचे हे आधार, एकदम, मूळ जाडीचे, आणि चांगल्या रबराचे. पीयू (पॉलीयुरेथेन, रबरापेक्षा कडक प्लास्टिक) नको, लिफ्ट (ठोकळ्यांनी बॉडी उंच करणं) नको. यासाठी टब पूर्ण उतरवायची गरजही नाही. एका बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते सैल करा, टबाच्या कडेखाली लांब फळी लावून जॅकने बोटभर उचला, लगेच लाकडी ठोकळे सरकवा, काम करा, मग दुसरी बाजू.

नानापेठी

तत्त्व मान्य, माल अमान्य. "चांगलं रबर" आणणार कुठून? बाजारात सेट म्हणून जे पाकीट मिळतं ते बऱ्याचदा भंगार रबर पुन्हा वितळवून केलेलं असतं. नखाने टोकरलं तर भुगा पडतो. मी कन्व्हेयर बेल्टच्या चकत्या कापून घालतो. कापडाचे थर आणि रबर, दोन्ही आलं. आणि मूळपणाचा एवढा आग्रह असेल तर ऐका: दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये जाड बुश (मध्ये लोखंडी नळी असलेलं जाड रबर) नव्हतेच, कापडी पट्ट्याच्या पातळ चकत्याच होत्या. तेव्हा माझा जुगाड तुमच्या शोरूमी बुशपेक्षा जास्त अस्सल आहे.

टबवाला

@नानापेठी, चकतीला माझा विरोध नाही. ज्या माउंटला बुश आहे तिथे चकती घालून स्लीव्ह फेकून देणाऱ्यांना आहे. स्लीव्ह म्हणजे बुशच्या आतली ती छोटी लोखंडी नळी, ती शोभेची नाही. नट कितीही आवळला तरी रबर ठरलेल्या मापापलीकडे दबू नये म्हणून ती असते. ती गेली की मेकॅनिक दात-ओठ खाऊन आवळतो आणि नवं रबर पहिल्याच दिवशी मरतं. जिथे मुळातच चकती आहे तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा, म्हणजे फार न आवळताही तो सुटणार नाही.

घाटवाट

पीयूला उगाच बदनाम करताय. मी सह्याद्रीत पावसाळ्यात गाडी घालतो. रबराला डिझेल-ऑईल लागलं की ते फुगतं, मऊ होतं. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तडकतं. पीयूला तेलाचं काही होत नाही. बॉडी जागेवर राहते, स्टिअरिंगला नेमकेपणा येतो. पुन्हा पुन्हा टब उचलायची हौस कोणाला आहे?

टबवाला

स्टिअरिंगचा नेमकेपणा बॉडी रबरातून? स्टिअरिंग बॉक्स चासीवर बसतो हो. टब हलला तर कॉलमला त्रास होतो, चाकांना नाही. तुम्हाला जाणवलेला फरक बहुधा शॅकलच्या (स्प्रिंग चासीला जोडणाऱ्या कडीच्या) बुशचा, तेही तेव्हाच बदलले असतील.

आणि कडकपणा हाच तर मुद्दा आहे. रबर साधारण ६० शोअरच्या (हे कडकपणाचं माप) आसपास, बाजारातला पीयू ८० च्या पुढे. तुमच्यासारख्यांची गाडीच सगळ्यात जास्त पिळते, म्हणजे सगळ्यात मऊ माउंट तुम्हालाच हवं. डिझेल इंजिन टाकलेल्या जीपमध्ये पीयू घाला आणि मग आरसा बघून दाखवा. मागचा ट्रक नुसता थरथरणारा ठिपका दिसेल.

घाटवाट

आरसा आधीही दिसत नव्हता 😄 पण शॅकलचे बुश बदलले होते, हे खरं. तरीही कोकणातल्या दमटपणात तुमचं रबर किती टिकतं ते बघूच.

टबवाला

दमटपणाचं म्हणाल तर स्वस्त पीयूही पाण्याने आणि उष्णतेने कालांतराने चिकट होऊन तुटतो. अमर काहीच नाही.

पत्राप्रेमी

तुम्ही सगळे रबरावर भांडताय आणि रोग वरच्या पत्र्यात आहे. बोल्ट ज्यातून जातो ते टबाखालचं टोपी चॅनेल (टोपीच्या आकारात वाकवलेला पत्र्याचा आधार) कोणी ठोकून बघितलंय का? युद्धकाळातल्या जीपमध्ये तर या चॅनेलच्या आत लाकूड भरलेलं असायचं. ते पाणी धरून ठेवायचं आणि लोखंड आतून खायचं. नंतरच्या गाड्यांतही चिखल साचून तेच होतं. बाहेरून रंग झकास, आत पापड. अशा चॅनेलखाली नवं टणक रबर घालून बोल्ट आवळला की वायसर सरळ पत्र्यात घुसतं.

म्हणून "टब उतरवायची गरज नाही" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. टब पूर्ण उतरवा, चॅनेल कापा, नवं वेल्ड करा, चासी घासून प्रायमर मारा, मग रबराचं बघू. एकदाच करा, नीट करा.

टबवाला

चॅनेल सडलं असेल तर १०० टक्के तुमचं बरोबर. पण मग ते बॉडीचं काम झालं, रबराचं नाही. आणि "आता उतरवलाच आहे तर" या वाक्याने किती जीप शेडमध्ये कायमच्या बसल्या ते तुम्हीही पाहिलं असेल. चासी एका कोपऱ्यात, टब पिंपांवर, बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात, आणि मालक "पुढच्या दिवाळीपर्यंत" म्हणतोय. स्क्रू-ड्रायव्हरने चॅनेल टोचून बघा. आत गेला तर पत्राप्रेमींचं ऐका, नाही गेला तर माझं.

पत्राप्रेमी

स्क्रू-ड्रायव्हर खालून टोचता, गंज वरच्या कोपऱ्यात असतो. पण श्रीखंडाच्या डब्यावर बोलत नाही, आमच्याकडेही आहे तो.

खटका

आमच्या इथल्या मेकॅनिकने सुचवलं की टब चासीलाच वेल्ड करून टाकू, कटकट मिटेल. करावं का?

नानापेठी

मेकॅनिक बदला.

टबवाला

@खटका, गाडी शोभेला उभी ठेवणार असाल तरी नका करू. वेल्डच्या शेजारचा पत्रा पहिल्या खडबडीत रस्त्यावर फाटायला लागतो.

आरटीओग्रस्त

लिफ्टच्या गोष्टीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रबराऐवजी २ इंची ठोकळे घालून बॉडी उचलायची फॅशन आहे. यात डिफरन्शियल (चाकांच्या मधला गिअरचा गोळा) जिथे होतं तिथेच राहतं, म्हणजे दगड अडकायचा तो अडकतोच. वजन मात्र वर जातं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं.

ज्यांची गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे त्यांनी तर जास्तच जपावं. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी, नंबरात ते 'व्हीए', हवी असेल तर चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच. माझ्या मते रोज चालवणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

दुसरी पिढी

बाबांची पेट्रोल सीजे आता माझ्याकडे आहे. टबवाला दादा, तुमची एक बाजू उचलायची पद्धत वाचून आम्ही करायला घेणार आहोत. उचलताना नेमकं काय तुटतं ते सांगा ना, ते कोणीच लिहीत नाही.

टबवाला

ताई, चांगलं विचारलंत, हे मी वरच लिहायला हवं होतं. सगळ्यात आधी मडगार्ड. पुढची जाळी चासीवर बसते, टब वेगळा बसतो, आणि मडगार्ड दोघांना बोल्टने धरून असतात. ते काऊलपाशी सैल न करता टब उचलला की पत्रा फाटतो. मग स्टिअरिंग कॉलमची डॅशखालची पकड सोडा. क्लच-ब्रेकचे पेडल चासीवरून फरशीतून वर येतात, त्यांची भोकं आणि गिअरच्या दांड्यांचे रबरी बूट मोकळे करा. अर्थची पट्टी, पेट्रोलची नळी, मागे जाणारी वायर यांना ढील आहे का बघा. बॅटरी काढूनच ठेवा.

बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडा. तरी आतला नट फिरायला लागला तर झटापट करू नका, ग्राइंडरने डोकं उडवा. बोल्ट स्वस्त आहे. पेट्रोल टाकीच्या आसपास मात्र गॅस कटर अजिबात नको, ग्राइंडरच्या ठिणग्याही नकोत. आणि जुनं रबर खरवडताना हात टब-चासीच्या फटीत घालायचा नाही, ठोकळे असले तरी. लांब पट्टी वापरा.

दुसरी पिढी

मडगार्डचं माहीत नव्हतं. मग रबर की पट्टा?

नानापेठी

पट्टा. तारांचा नको, कापडी थरांचा. तारेचा पट्टा कापताना पातं जातं आणि कडेची तार गंजते.

टबवाला

बुश असेल तिथे रबर. आधी खाली झोपून एक काढून बघा, मग ठरवा. आणि जुनी जाडी मोजायची तर कोपऱ्यातल्या दबलेल्या तुकड्यावरून नको, कमी वजनाच्या जागेचा तुकडा घ्या.

घाटवाट

पीयू.